डोक्यावर तुळस आली तेव्हा

फेटरी गाव मागे पडलं आणि पावसाने जोर धरला. कळमेश्वरच्या अलीकडे दिंडी जरा विसावली, तेव्हा सोबतच्या आजींनी आपल्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलं. "घे वं माय, थोडा वेळ."

नागपूरहून धापेवाड्याची ही माझी तिसरी पायी वारी. विदर्भाची पंढरी म्हणतात धापेवाड्याला. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. पंढरपूरची आषाढी आटोपून गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विठोबा आमच्याकडे येतो, अशी इथली श्रद्धा. आधीच्या दोन्ही वाऱ्यांत मी चालले, पण मनात गॅस बंद केला का, सोमवारची फाइल, हेच. पाय आपले चालत होते.

वृंदावन डोक्यावर आलं आणि मान वाकवायची सोय उरली नाही. खड्डा कुठे, खडी कुठे, दिसेना. मी थबकले.

"डोयानं कायले पाह्यतं वं? पायाले इचार."

मी अनवाणी होते. टाच टेकली, मग तळव्याची बाहेरची कड, मग अंगठा. अंगठ्याने जमीन चाचपली की मगच अंगाचा भार पुढे. डांबर खरखरीत. कडेची काळी माती थंडगार, बोटांच्या बेचक्यांत शिरणारी, चिकटून पाऊल जड करणारी. पाऊल तिरकं पडलं की कंबर आधी सावरायची, मला मागाहून कळायचं. पुढच्या टाळांचा ठेका संथ झाला म्हणजे चढ आला, हे कानांनी ओळखलं. अर्धा तास झाला असेल. फाइल एकदाही आठवली नाही. लक्ष देणं म्हणजे डोकं ताणणं, असं मी शाळेपासून धरून चालले होते. त्या अर्ध्या तासात माझं लक्ष टाचेत होतं, मानेच्या मणक्यात होतं, आणि ते कुठेच कमी पडलं नाही.

आता कणीक भिजवताना मोबाइल बाजूला ठेवते. पाणी किती, ते बोटं सांगतात, आणि बरोबर सांगतात.

परवा रात्री लाइन गेली. टॉर्च न लावता जिना उतरले, कठड्याला नुसता हात. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. बारा वर्षं राहतेय त्या घरात, तळव्याला आत्ता कळलं.