बायकांचा डबा

बुधवार, 30 एप्रिल 2025. आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया.

सकाळी साडेसहाला आईचा व्हिडिओ कॉल. पाचोऱ्यात तेव्हा दहा वाजले होते आणि अंगणात ऊन एवढं, की आई डोळे बारीक करून बोलत होती. घागर भरून झाली होती. लाल घागर, तिच्यावर डांगर, बाजूला आंबा आणि सांजोऱ्या. बाबांनी आगारी टाकली, म्हणजे विस्तवावर नैवेद्य, पितरांची नावं घेतली. मागे स्वयंपाकघरात ताई रस काढत होती, तिचा आवाज येत होता. आखाजीला लेक माहेरी हवीच, म्हणून ती नगरदेवळ्याहून कालच आलीय. आईने विचारलं, "तू काय करशी आज?" म्हटलं, ऑफिस. उद्या मात्र सुट्टी. तिकडे महाराष्ट्र दिन, इकडे कामगार दिन, तारीख तीच.

मग मी नेहमीची गाडी पकडली. मी जर्मनीत ऑग्सबुर्गला राहते आणि नोकरी म्युनिकला. दोन्हींत साठेक किलोमीटरचं अंतर, साध्या गाडीने पाऊण तास. महिन्याचं तिकीट यंदा, 2025 मध्ये, 58 युरो. 1 मे 2023 ला ते सुरू झालं तेव्हा 49 युरोला होतं, देशभरच्या साध्या गाड्यांना चालतं. इथले सहकारी त्याला तिकीट म्हणतात. माझ्या तोंडी मात्र पासच येतो आणि मी जे करते ते माझ्यासाठी अपडाऊनच आहे. बाहेर मोहरीसारखी पिवळी शेतं होती, इथे याच दिवसांत तेलबियांना फूल येतं. डब्यात कुणी बोलत नव्हतं.

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळींकडे जेवायला गेले होते. जेवणानंतर कॉलेजचे विषय निघाले. कुणी पुण्याच्या कट्ट्याचं सांगितलं, कुणी होस्टेलच्या गच्चीचं, कुणी गॅदरिंगमधल्या नाटकाचं. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं की जळगावला एम. जे. कॉलेजात बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री. पुढे काय सांगावं ते तिथे सुचलं नाही, म्हणून आज लिहितेय. मला कट्टा नव्हता. शेवटचा तास संपला की स्टेशन. गॅदरिंग रंगात यायचं तेव्हा आम्ही पाचोऱ्याच्या मुली कॉलेजबाहेर रिक्षा शोधत असायचो, कारण संध्याकाळची देवळाली शटल, म्हणजे परतीची पॅसेंजर, चुकली तर घरी काय सांगायचं हा प्रश्न. माझं कॉलेज गाडीत होतं. पाचोरा, परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव. त्या तासाभरात बायकांच्या डब्यात मी जे शिकले त्याला मार्क नव्हते, पण आज माझ्यापाशी उरलंय ते बहुतेक तिथलंच.

त्या डब्यात जागा ठरलेल्या होत्या. खिडकीशी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांच्यासमोर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्सताई, दमलेल्या असल्या की बसल्या बसल्या झोपायच्या. कोर्टात कारकून असलेल्या एक काकू होत्या, त्यांना डब्यातल्या प्रत्येकीच्या घरचं माहीत असायचं. म्हसावदला भाजीच्या टोपल्या चढायच्या. दारात गर्दी व्हायची, मेथीचा आणि ओल्या मातीचा वास यायचा आणि आम्हा पोरींना उठवून मावश्या म्हणायच्या, "सरक ना वं माय थोडी." आम्ही सरकायचो. कोणी नवीन मुलगी दाराशी अवघडून उभी दिसली की काकू हाक मारायच्या, "बठ वं बेटा आठे." बसल्यावर गाव कुठलं, बाप काय करतो, कॉलेज कोणतं, भाऊ किती. शिरसोली येईपर्यंत तिची सगळी माहिती डब्याला झालेली असायची.

तेव्हा मला याचा राग यायचा. एकोणिसाव्या वर्षी कुणाला आवडतं प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायला? पण आमच्या गावाकडच्या मुलींना कॉलेज कसं मिळालं याचा विचार करते तेव्हा त्या प्रश्नांचं मोल कळतं. माझ्या बाबांनी मला जळगावला पाठवलं ते कॉलेजच्या नावाकडे बघून नव्हे. ते पहिल्या दिवशी सोबत आले, स्टेशनवर काकूंना भेटले, नर्सताईंना भेटले आणि परत जाताना निर्धास्त होते. मुलगी रोज जाते, रोज येते, या बायकांच्या नजरेखाली आहे. आमच्याबरोबरच्या माहेजीच्या एका मुलीच्या वडिलांनी तर साफ सांगितलं होतं, होस्टेल नाही, खोली नाही, गाडीने जाऊन येणार असशील तर शिक. तिने शिकून दाखवलं, आज ती शाळेत गणित शिकवते. बायकांचा डबा नसता तर आमच्यातल्या निम्म्या बारावीला थांबल्या असत्या, हे मी अंदाजाने लिहीत नाही. त्या कोण कोण, त्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

आणि पास. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. मुलांना ही सवलत बारावीपर्यंतच. कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्मवर सही-शिक्का आणायचा, स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. घरात शिक्षणाच्या खर्चावर बोलणं निघालं की बाबा म्हणायचे, हिच्या येण्या-जाण्याला एक रुपया लागत नाही. ज्या घरात भावाची फी आणि बहिणीचं भाडं यांतून एकच निवडायचं असतं, तिथे या एका वाक्याने किती मुली वाचल्या असतील! बस पकडणाऱ्या मुलींची गोष्ट वेगळी होती, त्यांना रस्त्याची आणि डेपोची भाषा यायची. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च 2023 पासून. ताई त्याचाच फायदा घेऊन वाटेल तेव्हा माहेरी येते.

प्रॅक्टिकलचं जर्नल आम्ही गाडीतच पुरं करायचो. मांडीवर दप्तर, दप्तरावर पॅड, पॅडवर जर्नल. ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, आकृती काढायची तर गाडी थांबलेली हवी, नाहीतर रुळांच्या सांध्यावर पेन्सिल उडायची आणि काच वाकडी यायची. म्हणून आकृत्या परधाडे आणि माहेजीच्या थांब्यांवर, मजकूर चालत्या गाडीत. परधाड्याला कधी एक्सप्रेसला वाट द्यायला गाडी बाजूला घेतली की सगळा डबा वैतागायचा आणि आम्ही खूश, दोन आकृत्या निघायच्या. शाळेच्या बाई एकदा माझं जर्नल हातात घेऊन बघत बसल्या आणि म्हणाल्या, निरीक्षण आणि अनुमान एकाच वाक्यात लिहू नकोस, आधी काय दिसलं ते लिही, मग तुला काय वाटतं ते. त्या मराठी शिकवायच्या. आज मी इथे प्रयोगशाळेचे अहवाल तपासते आणि नव्या मुलांना अक्षरश: हेच सांगते, जर्मनमध्ये.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते नर्सताईंचं डोहाळजेवण. त्यांना सातवा लागला होता आणि सासर लांब, माहेरचं कुणी नाही. काकूंनी ठरवलं, करायचं तर गाडीतच. सकाळच्या गाडीत वेळ कमी, म्हणून परतीच्या शटलमध्ये. कुणी फुलांची वाडी केली होती, कुणी हिरवी साडी आणली होती, ती नेसायला डब्यात जागा कुठली, म्हणून ती साडी पदरासारखी खांद्यावरून टाकली. भाजीवाल्या मावशींनी रिकाम्या टोपल्या वरच्या फळीवर चढवून मधली जागा मोकळी केली. शिरसोली सुटलं आणि काकूंनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. गाडी हलत होती, तांदूळ ओटीत कमी आणि फरशीवर जास्त पडत होते आणि मावश्या ते एकेक वेचून परत ओटीत टाकत होत्या, की ओटीतलं सांडू नये. कुणीतरी डब्यातून मांडे आणले होते, कुणी खिचडी, आम्ही पोरींनी वर्गणी काढून जळगावहून भत्ता (चुरमुऱ्यांचा खाऊ) आणि पेढे घेतले होते. गाणी अहिराणीतली, एकीने उचलायचं, बाकीच्यांनी ओढायचं. शेजारच्या डब्यातले दूधवाले किटल्या वाजवून साथ देत होते. नर्सताई रडत होत्या आणि खात होत्या. पाचोरा आलं तेव्हा त्यांना धरून उतरवलं आणि घरापर्यंत सोडायला चौघी गेल्या.

पुढे एम.एस्सी.ला मी विद्यापीठाच्या होस्टेलला राहिले, बांभोरीला, गिरणेच्या काठी. ते दिवसही चांगले होते, पण त्यांच्याबद्दल लिहायला हात तेवढा धावत नाही. माझ्या पदवीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असं नाव आहे. 2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. आसोद्याच्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईचं नाव आता आमच्या मुलींच्या पदव्यांवर छापलं जातं, याचा मला फार आनंद आहे. ताईच्या मुलीच्या पदवीवर ते असेल.

2020 मध्ये करोनात पॅसेंजर बंद झाल्या. पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी, आमची पीजे, तर कायमचीच थांबली. माझ्या लहानपणी तिच्या शिट्टीवर आमच्या गल्लीतली घड्याळं लावली जायची. पॅसेंजर परत सुरू झाल्या तेव्हा एक्सप्रेसच्या नावाने आणि एक्सप्रेसच्या भाड्याने. ते भाडं कमी व्हायला 2024 उजाडलं. मधल्या काळात आमच्या गल्लीतली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे भांडी घासत होते, नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. गाडी बंद, असं पेपरात एका ओळीत येतं. ती ओळ अशा घरांपर्यंत कुठवर जाते ते कुणी मोजत नाही. हायस्पीड गाड्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्या व्हाव्यात. पण परधाड्याला सकाळी कॉलेजच्या वेळेला थांबणारी गाडी आधी हवी, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

इथल्या शांततेबद्दल मला तक्रार करायची नाही. ही माणसं दमलेली असतात, त्यांना तो पाऊण तास स्वत:साठी हवा असतो आणि एकटी बाई रात्री अकराच्या गाडीने निश्चिंत घरी येते हे काही थोडं नाही. मीही आता कानात गाणी लावून बसते. पण वाटेतल्या मेरिंग स्टेशनला रोज एक बाई चढतात, पन्नाशीच्या, निळा कोट, हातात विणकाम. कित्येक महिने आम्ही समोरासमोर बसतोय आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. मध्यंतरी दोन आठवडे त्या दिसल्या नाहीत. काकू असत्या तर तिसऱ्या दिवशी कुणाला तरी घरी चौकशीला पिटाळलं असतं. मी चौकशी कुठे करणार? त्या परत आल्या तेव्हा मनगटाला पट्टी होती. मी धीर करून विचारलं, हात कसा आहे? त्या आधी दचकल्या, मग म्युनिकच्या अलीकडचं पासिंग स्टेशन येईपर्यंत बोलत होत्या. पडल्या होत्या, एकट्या राहतात, विणकाम नातवासाठी आहे. आज त्यांना मी सांगितलं की आमचा सण आहे, लेकींनी माहेरी यायचा. त्यांनी विचारलं, मग तुम्ही इथे काय करताय? म्हटलं, तुमच्याबरोबर गाडीत बसलेय. त्या हसल्या. उद्या सुट्टी असल्यामुळे परवा भेटू म्हणाल्या. ठरवून भेटणं या डब्यात पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी ताईचा फोन. तिच्या मुलीचा बारावीचा निकाल येत्या काही दिवसांत लागेल. पोरीला जळगावला बी.एस्सी. करायचंय. ताईचं आणि भाओजींचं एकमत होत नाही. भाओजी म्हणतात होस्टेलला ठेवू, ताईला खर्चाची काळजी, सासूबाई म्हणतात चाळीसगाव काय वाईट आहे. मला विचारलं, तू सांग. नगरदेवळा ते जळगाव अंतर साठेक किलोमीटर, आमच्यापेक्षा जास्त. रोज तेवढं करून अभ्यास होईल का? मी म्हटलं, होतो. पण आधी दोन गोष्टी बघा. सकाळी कॉलेजच्या वेळेत पोचवणारी कोणती गाडी नगरदेवळ्याला थांबते, आणि संध्याकाळी परतीची कोणती. मग सोमवारी तू स्वत: पोरीला घेऊन त्या गाडीत बस, जळगावपर्यंत जा. बायका कुठल्या डब्यात बसतात ते बघ, त्यांच्याशी बोल, कोण कुठे उतरतं ते विचारून घे. ताई म्हणाली, आता पॅसेंजरच्या जागी मेमू, विजेवरची लोकल, आहे, तशा बायका असतील का? म्हटलं, तूच विचार ना जाऊन. नोकरीवाल्या असतील, भाजीवाल्या असतील. जाताना पोरीला डबा जास्त दे, नवीन मुलीने पहिल्या दिवशी काहीतरी वाटलं की जागा मिळते.

ताईने वहीत लिहून घेतलं. पासच्या फॉर्मचं मी तिला निकालानंतर सांगणार आहे.