बाबांच्या गाडीचे दिवे

आज सुट्टी सार्थकी लागली. गेल्या आठवड्यात पावसात घाट उतरताना रस्ता धड दिसेना, बाबा शेजारी मुठी आवळून बसले होते. तेव्हाच ठरवलं, आधी दिवे.

हेडलाइटची काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक. त्यावर उन्हापासून जपणारा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं गाडी उन्हात राहिली की तो विरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि पुसतानाही बारीक चरे उठतात.

कडेने मास्किंग टेप लावली. ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा सँडपेपर), मग आणखी बारीक १५००, २००० आणि ३०००. पाणी सतत हवंच. सुरुवातीला पिवळट पाणी ओघळतं, हळूहळू ते दुधासारखं पांढरं होतं. काच आधीपेक्षा जास्त धुरकट दिसते तेव्हा पोटात गोळा आला होता, खरंच! पण थांबायचं नाही. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडवा फिरवला, म्हणजे जुने चरे राहिलेत का ते लगेच कळतं. नख अडकेल इतका खोल एक ओरखडा मात्र तसाच सोडला.

मग पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट. फडकं फिरवता फिरवता आतला बल्ब लख्ख दिसू लागला. शेवटी यूव्ही क्लिअर कोटचा, म्हणजे उन्हापासून जपणाऱ्या पारदर्शक थराचा स्प्रे; तो न मारता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. काहीजण टूथपेस्ट घासतात, ती चमक तर त्याहून कमी टिकते.

संध्याकाळी दिवे लावले. बाबा भिंतीवरचा उजेड बघत बराच वेळ उभे होते. म्हणाले, "उद्या आत्याकडे जाऊन येऊ, रात्री परत."