क्रॅम्पसचा फोक आणि पोतराजाचा आसूड

५ डिसेंबरची संध्याकाळ झाली की ऑस्ट्रिया, बव्हेरिया, दक्षिण टिरोल आणि स्लोव्हेनिया या आल्प्सच्या कुशीतील प्रदेशांत क्रॅम्पस, म्हणजे लोककथेतल्या राक्षसाचे सोंग घेतलेला माणूस, बाहेर पडतो. डोक्यावर बकऱ्याची वळलेली शिंगे, अंगभर केसाळ कातडे, बाहेर लोंबणारी लाल जीभ, कमरेला गुरांच्या गळ्यातल्या जड घंटा, हातात साखळदंड व बर्चच्या फोकांची जुडी आणि पाठीवर द्वाड मुलांना घालून नेण्याची टोपली, असे त्याचे रूप असते. तो एकटा येत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ६ डिसेंबर हा संत निकोलस यांचा सण; बिशपच्या वेषातील निकोलस मुलांच्या वर्तनाची विचारपूस करतात, शहाण्या मुलांना सफरचंदे व अक्रोड देतात, आणि तो भयंकर प्राणी त्यांच्या मागे, त्यांच्या आज्ञेत उभा असतो.

ही प्रथा नेहमीच निर्वेध चालली असे नाही. १९३०च्या दशकात ऑस्ट्रियातील तत्कालीन राजवटीने तिच्यावर बंदी आणली होती. आज मात्र मिरवणुका पुन्हा जोमाने निघतात. लाकूड कोरून मुखवटे घडवणारे कारागीर त्यासाठी राबतात, आणि कोणी फोक जास्तच जोरात मारला तर त्याला ओळखता यावे म्हणून अनेक ठिकाणी सोंग घेणाऱ्यांना क्रमांकही दिले जातात.

आम्हा सोलापूरकरांना हे वाचताना पोतराज आठवल्यावाचून राहत नाही. कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घेर, पायांत घुंगरू, कपाळी मळवट, पाठीवर मोकळे सोडलेले केस आणि सोबतच्या बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. गल्लीच्या तोंडाशी आसूड कडाडला की लहान मुले आईच्या पदराआड जात. (पटकीच्या साथींनी गावे ओस पडत, त्या काळी मरीआईचा धाक किती खरा असेल, याची कल्पना आज करणेही अवघड आहे.) परंतु क्रॅम्पसचा फोक दुसऱ्यावर उगारलेला असतो, तर पोतराज आसूड स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढतो आणि मग दारोदार पसाभर धान्यासाठी हात पसरतो.

याहून मोठा फरक मला अधिक अस्वस्थ करतो. आल्प्समधला तरुण रात्री मुखवटा उतरवतो, कातडे खुंटीला टांगतो आणि सकाळी आपल्या नोकरीवर जातो. पोतराजाचे केस त्याचे स्वतःचे असतात. अनेकदा तो लहानपणीच नवसापोटी देवीला वाहिलेला असतो, आणि सण संपला म्हणून त्याचे सोंग संपत नाही. म्हणून क्रॅम्पसची परंपरा हौसेने जपली जाते याचा मला आनंद वाटत असला, तरी पोतराजांची समजूत घालून, त्यांचे केस उतरवून त्यांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवणाऱ्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या बाजूनेच मी उभा आहे, मग त्यात आपल्या लोककलेचा एक रंग पुसला गेला तरी चालेल.