बी.बी.ए. की अर्थशास्त्र: भाचीच्या प्रवेशाच्या निमित्ताने

बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. नळाला पाणी येण्याचा दिवस असल्याने घरातली पिंपे आणि घागरी भरून झाल्यावरच दादा आणि वहिनी भाचीला घेऊन आमच्याकडे आले. भाची वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती, आणि तिने बी.बी.ए. म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी करावी की अर्थशास्त्रात पदवी घ्यावी यावरून घरात दोन तट पडले होते. दादाचा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पदवीच्या नावातच ‘बिझनेस’ आहे ती सोडून भलतीकडे कशाला जायचे, हे त्याचे म्हणणे. अर्थशास्त्र शिकलेली मुलगी बँकेत लागते, हे वहिनीचे म्हणणे, आणि पुरावा म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवले. हा पुरावा किती कच्चा आहे ते मला सांगावे लागले. त्या दिवशीचे बोलणेच येथे जरा नीट मांडून लिहीत आहे.

१९९४ मध्ये मी अर्थशास्त्र घेतले ते विचार करून मुळीच नव्हे. मुलीने बी.ए. करावे, इतकेच घरात ठरले होते. मराठीचा वर्ग भरला होता आणि अर्थशास्त्रात जागा होत्या. त्या वेळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, आपले स्वतंत्र विद्यापीठ व्हायला २००४ साल उजाडायचे होते. तीन वर्षे आम्ही प्रस्तावना, व्याख्या, गृहीते, टीका आणि समारोप या साच्यात उत्तरे लिहिली. सीमांत खर्च म्हणजे एक जादा नग तयार करण्यासाठी येणारा जादा खर्च, ही व्याख्या मला झोपेतून उठवले तरी म्हणता येत असे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर एकूण खर्चाचे समीकरण लिहून त्याचे अवकलन (बदलाचा दर काढण्याची गणिती क्रिया) केले आणि जे उत्तर आले त्याला सीमांत खर्च म्हटले, तेव्हा मी ती व्याख्या आयुष्यात प्रथमच ऐकत असल्यासारखी बसून राहिले. दहावीनंतर मी गणिताला हात लावलेला नव्हता. शेजारच्या विज्ञान शाखेतल्या मुलाकडून, तो माझ्याहून चार वर्षांनी लहान असताना, मी वर्षभर संध्याकाळी अवकलन शिकत होते, आणि खरे सांगायचे तर ते अंगात कधी मुरलेच नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात जेमतेम सुटले.

पुढे एका सहकारी बँकेत कर्ज विभागात लागले तेव्हा दुसरे भगदाड दिसले. पहिलीच फाइल एका यंत्रमागधारकाची होती. ताळेबंदातील ‘विविध ऋणको’ हा आकडा मोठा पाहून या माणसाच्या डोक्यावर फार कर्ज आहे, असा शेरा मी लिहिला. वास्तविक ते त्याला बाजारातून येणे असलेले पैसे होते. आमच्या खात्यातील एक बी.कॉम. झालेले ज्येष्ठ कारकून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. जेवणाच्या सुट्टीत एका कोऱ्या व्हाउचरच्या पाठीमागे त्यांनी मला नावे आणि जमा समजावून दिली. चार-पाच महिन्यांत मला ताळेबंद वाचता येऊ लागला, आणि नंतर बँक कर्मचाऱ्यांच्या जेएआयआयबी या परीक्षेसाठी लेखाकर्माचा पेपर द्यावा लागला तेव्हा उरलेसुरलेही झाले.

ही दोन भगदाडे सारखी नाहीत, हेच मला दादाला सांगायचे होते. हिशोब, करभरणी, माल उठवण्याची कला, माणसे सांभाळणे या गोष्टी कामावर असताना, कोणाच्या तरी शेजारी बसून, पंचविशीत किंवा चाळिशीतसुद्धा शिकता येतात. दादा स्वतः सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर सूत बाजारात उभा राहून शिकला. गणित आणि संख्याशास्त्राचे मात्र तसे नाही. अठरा ते एकवीस या वयात कोणी रोज गृहपाठ देऊन ते घासून घेतले नाही, तर पुढे नोकरी आणि संसार सांभाळून ते शिकणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. म्हणून ज्या मुलाला दोन्ही विषय आवडतात त्याने अवघड गोष्ट आधी शिकावी, असे माझे मत आहे. अर्थात हे मत अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम खरोखर अवघड असेल तरच लागू पडते, आणि मी केली तशी बी.ए. करायची असेल तर बी.बी.ए. शतपटीने बरी.

दोन्ही पदव्यांत नेमके काय वेगळे, हे भाचीने विचारले तेव्हा मी तिला तिच्याच घरातले उदाहरण दिले. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्याच्या ४३बी कलमात ‘एच’ हे उपकलम घातले आणि २०२४-२५ या आकारणी वर्षापासून ते लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते केले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येणार नव्हता. दादाच्या धंद्यात तीन-चार महिन्यांची उधारी ही जुनी रीत. लहान कारखानदाराचा पैसा वेळेवर यावा म्हणून केलेला हा नियम. परंतु मार्च २०२४ मध्ये परगावच्या एका व्यापाऱ्याने दादाला फोन केला तो पैसे पाठवतो असे सांगायला नव्हे, तर न खपलेला माल परत घेऊन जा म्हणून.

व्यवस्थापन शिकलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? कोणती बिले ४५ दिवस ओलांडत आहेत याची यादी काढावी, प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाशी लेखी अटी ठरवाव्यात, लवकर पैसे देणाऱ्याला किती सूट परवडते ते मांडावे, सुताच्या खरेदीपासून टॉवेलचे पैसे हातात येईपर्यंत किती दिवस भांडवल अडकते याचा हिशोब करून बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागावी. हे सारे उपयोगाचे आहे आणि दादाला ते त्या महिन्यात हवे होते. अर्थशास्त्राचा प्रश्न याच्या मागचा आहे. लहानांकडून घेतलेल्या मालावर उधारी महाग झाली, तर खरेदीदार वेळेवर पैसे देईल, की या नियमात न बसणाऱ्या मध्यम उद्योगाकडे वळेल, की लहानालाच लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी ‘उद्यम’ नोंदणी सोडून दे म्हणेल? नियमाचा बोजा कायद्यात ज्याच्या नावावर लिहिला आहे त्याच्यावरच पडतो, की बाजारात ज्याची बाजू पडती आहे त्याच्यावर सरकतो? या प्रश्नाचे उत्तर एका कारखान्याच्या वहीत सापडत नाही, आणि ते शोधून दादाची बिले वसूल होत नाहीत, हेही तितकेच खरे. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आत्या, पण दुसऱ्या प्रश्नाचा पगार कोण देतं?”

रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी थोडक्यात देते कारण ते कोणत्याही करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकेत मिळते. भारतीय आर्थिक सेवा १९६१ पासून आहे आणि तिच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील किंवा त्याच्या उपशाखेतील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकाऱ्यांनाही तीच लागते. प्राध्यापकी, संशोधन संस्था, बँका, पतमानांकन आणि आकडेवारीचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्या ही बाकीची ठिकाणे. थोडक्यात, अर्थशास्त्राचा पगार पदवीनंतर नव्हे, एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर सुरू होतो, आणि ज्या घराला तीन वर्षांनी मिळकत हवी आहे त्याने हा हिशोब आधीच करावा. बी.बी.ए.वाल्याला विक्री, विमा, खासगी बँका अशी कामे तिसऱ्या वर्षानंतर लगेच मिळू शकतात. पगार बेताचा असतो, पण येतो. एम.बी.ए.ला मात्र कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, म्हणजे अर्थशास्त्राकडून व्यवस्थापनाकडे जाणारा रस्ता खुला आहे. उलट दिशेने येणाऱ्या बी.बी.ए.वाल्याला चांगल्या संस्थेत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी गणितावर बेतलेली परीक्षा द्यावी लागते. आयआयटीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्याची प्रश्नपत्रिका एकदा उघडून पाहावी म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

सोलापूरच्या माणसाला अर्थशास्त्र हा दिल्ली-मुंबईचा विषय वाटतो, याचे मला नेहमी नवल वाटते. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. सोलापूर शहराचा सामाजिक आणि आर्थिक अभ्यास त्यांनी केला, आणि तो १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्याची मान ज्यामुळे कधी ताठ होते आणि कधी खाली जाते त्या साखर कारखानदारीतील सहकाराच्या उभारणीतही प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून त्यांचा वाटा होता. मुलांपुढे उद्योजकाचे उदाहरण ठेवताना आपण १८८२ मध्ये येथेच जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचे नाव घेतो, आणि ते घ्यावेच. परंतु आपल्याच शहराकडे प्रश्न म्हणून पाहणारी माणसेही होऊन गेली, हे मुलांना कोणी सांगत नाही.

कांद्याचेच घ्या. माझ्या सासरी मोहोळ तालुक्यात दोन एकर कांदा होता. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद केली तेव्हा सोलापूरच्या बाजार समितीत लाल कांद्याची आवक भरात येत होती. हा कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, त्यामुळे भाव पडला तरी तो विकावाच लागतो. भावजींनी आडत्याकडून आणलेली विक्रीच्या हिशोबाची पट्टी मी पाहिली. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता उरलेली रक्कम काढणीच्या मजुरीलाही पुरत नव्हती. निर्यात पुन्हा खुली झाली ४ मे २०२४ ला, तोवर हा कांदा केव्हाच संपला होता. यंदा भाव चांगला म्हणून सगळे लावतात, पुढच्या हंगामात भाव कोसळतो म्हणून सगळे सोडतात, ही कोळ्याच्या जाळ्यासारखी फिरणारी आकृती मी परीक्षेत तीनदा काढली होती. तिच्यातल्या एका टोकावर आपले भावजी उभे आहेत, हे मला ती पट्टी हातात घेईपर्यंत सुचले नव्हते.

आता महाविद्यालय निवडण्याबद्दल. पदवीच्या नावाने फसू नये. बी.ए. आणि बी.एस्सी. अर्थशास्त्र यांत, आणि एका विद्यापीठाच्या बी.ए.त व दुसऱ्याच्या बी.ए.त, जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. अभ्यासक्रमाची पाने उघडावीत आणि गणित, संख्याशास्त्र व अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र) हे विषय किती सत्रांत आहेत ते मोजावे. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीचे गणित लागते, यावरूनच काय ते समजावे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषयही घ्यायचा असतो. अर्थशास्त्राबरोबर कोणता गौण विषय मिळतो, हे कार्यालयात जाऊन विचारावे, संकेतस्थळावर लिहिलेले सगळे विषय शिकवायला माणूस असतोच असे नाही. बी.बी.ए.साठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. तेथे जाताना मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांचा प्रकल्प अहवाल कोणी लिहिला, हे विचारावे. विद्यार्थी खरोखर कोणाच्या दुकानात किंवा कारखान्यात महिनाभर बसला असेल तर ती पदवी सार्थ आहे. अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून नाव बदलून आला असेल, तर तेच पैसे वाचवून साधे बी.कॉम. करावे आणि उरलेल्या वेळात एखाद्या कर सल्लागाराकडे उमेदवारी करावी. दादाच्या कारखान्याला तर बी.कॉम.च अधिक उपयोगी, हे मी त्याला तोंडावर सांगितले.

भाचीच्या बाबतीत निर्णय सोपा झाला तो एका योगायोगाने. अकरावीत सेक्रेटरिअल प्रॅक्टिसचे पाठांतर नको म्हणून तिने गणित घेतले होते, आणि त्यात तिला बरे गुण होते. तरीही मी तिला लगेच उत्तर दिले नाही. दादाच्या कपाटात सुताच्या खरेदीच्या जुन्या वह्या आहेत, त्या पंधरा दिवस चाळ, एवढेच सांगितले. पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. सहा वर्षांचे सुताचे भाव आणि टॉवेलचे भाव तिने महिन्यावार भरून दोन रेषा काढल्या होत्या.

“पप्पा, सूत चढल्यावर टॉवेलचा भाव चढायला आपल्याकडे दोन-तीन महिने लागतात,” ती दादाला म्हणाली, “पण सूत उतरलं की टॉवेलचा भाव त्याच महिन्यात उतरतो. असं का?”

“व्यापारी तसाच असतो,” दादा म्हणाला.

“ते झालं. पण सगळेच व्यापारी तसेच का, आणि तुम्ही सगळे कारखानदार ऐकून का घेता?”

दादाने चष्मा लावून त्या रेषा पाहिल्या, २०२१ च्या एका महिन्यावर बोट ठेवून हा आकडा चुकलाय म्हणाला, आणि तो खरोखरच चुकला होता. ती दुरुस्ती करत असताना त्याने मला हळूच विचारले की पुण्यात मुलींच्या वसतिगृहाला महिन्याकाठी किती पडतात.