तुम्ही विचारलंत म्हणून : मंगळावरच्या रोव्हरला वायपर का नव्हता?

मंगळाविषयी बोलायला उभा राहिलो की शेवटी हा प्रश्न येतोच. "एवढा खर्च केला, मग सौर पॅनेलवरची धूळ पुसायला साधा वायपर का नाही लावला?" 'नासाला एवढंही सुचलं नाही' हा त्यातला सूर मला फार लागतो.

वायपर म्हणजे मोटर, वायरी, वजन आणि कडाक्याच्या थंडीत अडकू शकणारा आणखी एक सांधा. मंगळाची धूळ पिठाहून बारीक, शिवाय विद्युतभारामुळे चिकटून बसणारी. आणि 2004 साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन रोव्हरना, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या यंत्रांना, काम नेमून दिलं होतं ते 90 मंगळदिवसांचं. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचो. आता थांबवत नाही, कारण 'रोव्हर धुळीने मेले' हे प्रश्नातलं गृहीतक त्या उत्तरात तसंच राहतं.

स्पिरिटचं काय झालं ते ऐका. 2006 मध्ये त्याचं उजवं पुढचं चाक बंद पडलं. तेव्हापासून तो बहुतेक वेळा उलटा चालत, ते चाक फरफटत नेत होता. त्याच फरफटीत 2007 मध्ये मातीखालची पांढरी सिलिका उघडी पडली. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ होती, याचा तो पुरावा. मग 2009 च्या वसंतात 'ट्रॉय' नावाच्या जागी वरचा कडक पापुद्रा फुटला आणि चाकं खालच्या भुसभुशीत मातीत रुतली. अमेरिकेत पासाडेनातल्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेत तशीच माती कालवून, तिच्यात दुसरा रोव्हर रुतवून, त्याला बाहेर कसं काढायचं याची महिनोन्‌महिने तालीम झाली. नोव्हेंबरमध्ये सुटकेचा प्रयत्न सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत उजवं मागचं चाकही गेलं.

आणि हे कुणी लक्षात घेत नाही : त्याच 2009 मध्ये वाऱ्याने स्पिरिटची पॅनेलं झाडून दिली होती. वीज भरपूर होती! कमी पडला तो सूर्याकडचा कल. आधीच्या हिवाळ्यात हाच रोव्हर उतारावर उत्तरेकडे, सूर्याकडे झुकून तगला होता. पुढचा हिवाळा आला तेव्हा ट्रॉयमध्ये तो दक्षिणेकडे कललेला होता आणि हलता येत नव्हतं. 22 मार्च 2010 ला शेवटचा संदेश आला. पुढे वर्षभर पृथ्वीवरून हाका गेल्या. 25 मे 2011 ला त्याही थांबवल्या. वायपरने यातलं काय बदललं असतं?

ऑपॉर्च्युनिटीबद्दल मी इतक्या ठामपणे बोलत नाही. जून 2018 च्या धुळीच्या वादळात आकाशच काळवंडलं, तिथे पुसलेलं पॅनेलही उपाशीच राहिलं असतं. पण वादळ निवळल्यावर तो उठला नाही, ते साचलेल्या धुळीमुळे असू शकतं. ते पाहायला तिथे कुणी नव्हतं.

मंगळाचे कंप मोजणाऱ्या नासाच्या इनसाइट यानापाशी तर माझी बाजू लंगडी पडते. ते एका जागी बसलेलं, वाऱ्यानेही फारशी साथ दिली नाही. 2021 मध्ये यांत्रिक हाताने पॅनेलजवळ वाळू सोडून, तिच्या उडत्या कणांनी थोडी धूळ झटकली. 4 मे 2022 ला त्याने 4.7 तीव्रतेचा मंगळकंप टिपला आणि डिसेंबरमध्ये ते विझलं, धुळीनेच. ब्रशसाठी त्याच्या भूकंपमापकाचं वजन कमी करा म्हटलं असतं तर मी नकोच म्हणालो असतो. पण आणखी दोन वर्षांचे मंगळकंप मिळाले असते, हेही मला दिसतं.