एका पिंपाची एकोणीस दिवसांची गोष्ट

मुलाचा ताप, डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह, रोज प्लेटलेट्स मोजणं, नारळपाणी... ते सगळं निभावलं. डोकं अजून फिरतं ते पिंपावरून.

शेजारच्या बैठ्या घराच्या गच्चीवर दोनशे लिटरचं निळं पिंप. मालक परगावी, फाटकाला कुलूप. आमच्या जिन्याच्या खिडकीखालीच ते उघडं, पावसानं निम्मं भरलेलं.

पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. दोन दिवसांत ‘निराकरण झाले’, सोबत आमच्याच सोसायटीच्या फाटकाचा फोटो! दुसरी तक्रार: ‘सदर मिळकत बंद आढळली’, म्हणून तक्रारही बंद. अहो, बंद आहे म्हणूनच तर सांगतोय! तिसऱ्या वेळी धूर फवारणीवाले आले, सगळी गल्ली खोकली. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काय होणार? तक्रार मात्र बंद.

शेवटी दोरीला पाण्याचा मग बांधला, खिडकीतून पिंपात सोडला. (बायको म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं.) वर आलं त्यात अळ्याच अळ्या. डोकं खाली, शेपूट पृष्ठभागाला टेकवून लोंबकळणाऱ्या. सावली पडली की वळवळत तळाला. लोणच्याच्या बरणीत भरून पालिकेच्या ऑफिसात गेलो. ‘साहेब साइटवर आहेत.’ दोन तास बसून परत.

दुसऱ्या दिवशी तीच बरणी नेली. रात्रीत दोन डास बाहेर पडले होते, काळे, पायांवर पांढरे पट्टे. एडिस, डेंग्यू पसरवणारे. टेबलावर ठेवली तर क्लार्कनं खुर्ची मागे घेतली. ‘झाकण घट्ट आहे ना?’ साहेब पाच मिनिटांत सापडले. मिळकतकराच्या नोंदीत मालकाचा नंबर होताच, म्हणजे हा फोन पहिल्याच दिवशी करता आला असता! किल्ली गावातल्या पुतण्याकडे निघाली.

हो, आधी स्वतःचं घर बघून जा. साहेबांनी तेच विचारलं आणि मी जोरात ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणालो. संध्याकाळी पाहणीला आलेल्या ताईंनी टॉर्च मारला तो थेट आमच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. चार अळ्या. मान खाली घालून ट्रे धुतला.

पिंप ताईंनी नुसतं उपडं केलं नाही, आतून काथ्यानं खरवडलं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पाणी लागलं की पुन्हा सुरू. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. माझ्या तीन तक्रारी बंद होईतो एक पिढी उडूनही गेली असेल.

तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. बंद झालेली अ‍ॅपवर नंतर सापडत नाही. माझी चौथी मात्र सापडते. पिंप उपडं होऊन महिना झाला, ती अजून ‘कार्यवाही सुरू’ आहे.