आमची वाटचाल : फुटपट्टीएवढा शनी

नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी आणि माझा एक वर्गमित्र, आम्ही दोघांनी २००७ मध्ये महाल भागातल्या आमच्या घराच्या माडीवर कॉम्प्युटरवर अवकाशाची चित्रं काढायचं हे काम सुरू केलं. ग्रह, यानं, उपग्रह, एवढंच काढायचं आणि खरं दिसेल असंच काढायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तो बर्डीपासून सदरपर्यंत फिरून कामं आणायचा, मी काढायचे. एक असेंबल केलेला कॉम्प्युटर, २ जीबी रॅम, सेकंडहँड पेन टॅब्लेट आणि ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, कारण ते फुकट होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं. लाइट गेली की यूपीएस वीस मिनिटं तग धरायचा, म्हणून मोठं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी रेंडर करून, म्हणजे मॉडेलवरून तयार चित्र काढून, नंतर जोडायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मशीन आपोआप बंद पडायचं. कूलर समोर लावला तर ओल्या हवेनं मदरबोर्डवर हिरवट गंज चढला आणि बोर्ड गेला. त्या दिवसापासून कूलर माणसांसाठी आणि मशीनला झाकण काढून टेबल फॅन. आजही नवीन मुलगा कामाला लागला की पहिली गोष्ट हीच सांगते.

इतवारीतल्या काकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांचं नकाशे आणि शाळेच्या तक्त्यांचं दुकान. २००९ मध्ये मी त्यांच्याकडे शनीचा तक्ता घेऊन गेले. कॅसिनी यान २००४ पासून शनीभोवती फिरत होतं, त्याचे फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. ते महिनाभर अभ्यासून मी तो तक्ता केला होता. काकांनी तक्ता काउंटरवर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पोरी, हा असा चपटा काऊन काढला?"

मी सांगितलं, काका, शनी चपटाच आहे. विषुववृत्तावर व्यास १,२०,५३६ किलोमीटर, ध्रुवाकडून १,०८,७२८. दहा-साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, मधून फुगतो. तक्त्यात आडवा ३० सेंटीमीटर घेतलाय, उभा २७.

काकांनी गल्ल्यातून लाकडी फुटपट्टी काढली आणि मोजलं. आडवा बरोबर एक पट्टी. उभा तीन सेंटीमीटर कमी. "बरोबर सांगून राहिली तू," म्हणाले आणि दोनशे प्रती घेतल्या. पुढे एका शाळेतून, शनी चपटा म्हणजे छपाईच चुकली असं म्हणत, तक्ते परत आले, तर काकांनी त्या सरांच्या हातात तीच फुटपट्टी दिली आणि आकडे पाठ म्हणून दाखवले. एकही तक्ता परत घेतला नाही. असं गिऱ्हाईक मिळालं तर जाहिरातीवर रुपया घालू नका.

२०१० ते २०१८ काम चालत राहिलं. तक्ते, दिनदर्शिका, विज्ञान प्रदर्शनांचे पॅनल. २०११ च्या शेवटी ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडर करणारं नवं इंजिन आलं आणि प्रकाश खऱ्यासारखा वागायला लागला, तेव्हा आम्ही पहिलं चांगलं ग्राफिक्स कार्ड हप्त्यानं घेतलं.

प्रकाशाबद्दल थोडं सांगते, कारण आमची इज्जत त्यावरच आहे. पृथ्वी किंवा चंद्राजवळून सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाच्या किंचित वर दिसतं. म्हणून ब्लेंडरमध्ये सूर्याचं काम करणाऱ्या दिव्याचा, सन लॅम्पचा, कोन ०.५३ अंश ठेवायचा, मंगळावर ०.३५, शनीपाशी ०.०६ सुद्धा नाही. ०.५३ ला एक मीटरवर पडलेल्या सावलीची कड साधारण ९ मिलिमीटर धूसर होते. कोन शून्य ठेवला तर सावली कात्रीनं कापल्यासारखी दिसते, पाच ठेवला तर ढगाळ दिवस वाटतो, आणि चंद्रावर ढग कुठून येणार? चंद्राची माती डांबरी रस्त्याइतकी काळपट असते, ती पांढरी रंगवू नका. उन्हातलं यान नीट दिसेल असं एक्स्पोजर असेल तर आकाशात तारे दिसत नाहीत. गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी टाकू नका. आणि छापताना काळा नुसता के १००, म्हणजे फक्त काळी शाई, देऊ नका, फ्लेक्सवर अवकाश राखाडी येतं. त्यात सायन, मॅजेंटा, पिवळा मिसळा.

आता यानावरचं सोनेरी आवरण. ते सोनं नव्हे. पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पिवळसर पारदर्शक पापुद्रा आणि त्याच्या मागे ॲल्युमिनियमचा थर. म्हणजे मटेरियल करताना खाली चंदेरी धातू, वर मधाच्या रंगाचं पारदर्शक कोटिंग. पिवळा धातू दिला की पितळेचा गडवा दिसतो. पण खरी मेहनत घड्यांची. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचं मॉडेल करताना मी संत्रा बर्फीच्या डब्यातला सोनेरी कागद हातानं चुरगळला, पुन्हा अर्धवट उलगडला, टेबल लँपखाली आठ बाजूंनी फोटो काढले आणि त्यावरून घड्यांचा नकाशा केला. चौदा दिवस लागले. त्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन फाट्यांची एक घडी होती, ती लँडरच्या पायाच्या अगदी वर बसली. मला ती फार आवडायची.

ते मॉडेल २०१९ चं. २२ जुलैला चांद्रयान-२ उडालं आणि त्याच आठवड्यात प्रदर्शनं भरवणाऱ्या एका संस्थेकडून सहा बाय चार फुटांचे २४ पॅनल मागवले गेले. ऑर्डर तोंडी. माझ्या भागीदारानं, म्हणजे त्या वर्गमित्रानं, "शब्द दिलाय त्यांनी" म्हणून सांगितलं आणि मी मानलं. ॲडव्हान्स नाही. लँडरखाली पाच इंजिनं होती, चार कडेला आणि एक मधोमध, ती मी नोझलच्या आतल्या रंगासकट केली. उतरायची जागा दक्षिणेकडे ७० अंशांच्या आसपास, तिथे सूर्य कधी फार वर येत नाही, म्हणून सावल्या लांब घेतल्या. छपाई सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. उधारीवर.

७ सप्टेंबरच्या पहाटे आम्ही सगळे माडीवर जागे होतो. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, मग संपर्क तुटला. मी रडले ते पॅनलसाठी नव्हे. पॅनलचं सकाळी अकराला कळलं. फोन आला, "आता ही चित्रं कोण बघणार, रद्द समजा." मी सांगून पाहिलं की ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतोय, त्याची उपकरणं चालू आहेत, मी पॅनल बदलून देते. उत्तर नाही. छपाईचे १ लाख ८६ हजार माझ्या अंगावर आले. आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. आणि ऑक्टोबरमध्ये भागीदार सोडून गेला. भांडण झालं नाही. तो हार्ड डिस्क दुरुस्तीला नेतो म्हणून घेऊन गेला आणि डिसेंबरात त्याची वेगळी फर्म सुरू झाल्याचं मला छापखान्यातून कळलं.

बारा वर्षांच्या मूळ फाइली त्या डिस्कवर होत्या. माझ्याकडे फक्त रेंडर उरले. म्हणून सांगते, नवरा असो, भाऊ असो, वर्गमित्र असो, मूळ फाइलींची एक प्रत तुमच्या घरच्या कपाटात असली पाहिजे. आणि निम्मे पैसे हातात आल्याशिवाय सीन उघडूसुद्धा नका.

त्या दिवाळीत काका स्वतः महालात आले, जिना चढून. म्हणाले, "ऑर्बिटर तर फिरून राहिला ना? मंग त्याचा तक्ता काढ." पाचशे प्रतींचे पैसे आधी दिले, रबर लावलेली गड्डी. तो तक्ता विकला जायला त्यांना तीन वर्षं लागली. तोवर त्यांनी कधी विषय काढला नाही. पाटल्या मी २०२२ मध्ये सोडवल्या.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. पंधरा दिवसांत शहरात जिकडे तिकडे लँडरचे फ्लेक्स लागले. एका शाळेच्या सभागृहात मी व्यासपीठामागचा मोठा फ्लेक्स पाहिला, खाली माझ्या जुन्या भागीदाराच्या फर्मचं नाव. मी जवळ जाऊन इंजिनं मोजली. पाच. चांद्रयान-३ च्या लँडरला मधलं इंजिन नव्हतंच, चारच होती. ज्यानं ते यान अभ्यासून काढलं असतं त्याच्याकडून ही चूक झाली नसती. मग नजर वर गेली. पायाच्या अगदी वर, सोनेरी आवरणावर, तीन फाट्यांची घडी.

मुख्याध्यापकांना मी दोन्ही गोष्टी दाखवल्या. ते म्हणाले, "मॅडम, चार काय न् पाच काय, मुलांना यान दिसलं ना." भागीदाराला फोन केला, त्यानं उचलला नाही. वकिलांनी खर्च सांगितला, तो मला झेपणारा नव्हता. २०१९ चे पॅनलचे पैसेही आजवर आलेले नाहीत.

चांद्रयान-३ चं मॉडेल मी पहिल्या चौकोनापासून नव्यानं केलं, चार इंजिनांचं, आणि तक्ता काकांच्या दुकानात लागला. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, फुटपट्टी तिथेच आहे. आवरणासाठी नवा डबा आणला, नवा कागद चुरगळला. जुना कागद मी टाकला नाही. दोन पारदर्शक प्लास्टिकच्या मध्ये घालून टेबलाच्या खणात ठेवलाय, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली ती घडी अजून तशीच आहे.